शंभरातून शहाण्णव

आमच्या शेजारचे तांगडे साहेब लॅपटॉप सुरू करतात आणि लगेच दोन पावलं मागे सरकून उभे राहतात. हातात घड्याळ, खिशाला पेन आणि चेहरा असा, की समोर नाक्यावर अडवलेला ट्रक आहे.

साहेब नवीन जालन्यातल्या एका बियाणे कंपनीच्या प्रयोगशाळेतून निवृत्त झाले. अठ्ठावीस वर्षं एकच काम: शंभर दाणे मोजायचे, ओल्या कागदात गुंडाळायचे आणि किती उगवले ते लिहायचं. त्यामुळे त्यांचा विश्वास फक्त शंभरावर. चप्पल घेतली तर दुकानातच शंभर पावलं चालतात. एकदा त्यांनी काडेपेट्या अशाच तपासल्या. निकाल उत्तम लागला, पण स्टोव्ह पेटवायला काडी उरली नाही.

त्यांची मुलगी वृषाली पुण्यात कॉम्प्युटरच्या कंपनीत आहे. तिने स्वतःचा जुना लॅपटॉप त्यांना दिला. त्यात व्हायरस फार झाले म्हणून लिनक्स या दुसऱ्या संगणक-प्रणालीच्या नव्या आवृत्तीची सीडी कुरिअरने पाठवली. आतलं काहीही न पुसता सीडीवरूनच चालवून बघायचं आणि पटलं तर कायमचं टाकायचं.

"फुकट आहे म्हणे," साहेब मला म्हणाले. "जोशी, फुकट बियाणं मी आजवर पाह्यलं न्हाई. कोण देऊन राह्यलं, का देऊन राह्यलं, काही पत्ता न्हाई. आपण शंभर लावू."

म्हणजे लॅपटॉप शंभर वेळा सुरू करायचा. रोज चारदा, पंचवीस दिवस. पडदा आला, आवाज आला, माऊस हलला, इंटरनेट लागलं, तर 'उगवला'. यातलं एक जरी चुकलं तर 'न उगवला'. अठ्ठ्याण्णवच्या खाली लॉट नापास. प्रयोगशाळेच्या रीतीप्रमाणे निकालाखाली दुसऱ्या माणसाची सही लागते. तो दुसरा माणूस मी. पाटबंधारे खात्यात तलावांच्या पातळ्या लिहिणं ही माझी नोकरी आहे, हे त्यांना ठाऊक होतं.

ऑफिसातून आलो की साडेसहाच्या तपासणीला मी हजर.

"हलला?"

"हलला."

"डोळ्यानं पाह्यलं?"

"पाहिलं, साहेब."

"मंग हा पडदा तपकिरी का?"

"त्यांना तो रंग आवडत असेल."

"का बरं आवडावा?" ते म्हणाले आणि वहीत लिहिलं: रंग संशयास्पद.

साहेब एकटेच राहतात. तपासणी झाली की चहा स्वतः करतात. एकदा चहा गाळता गाळता म्हणाले, "पोरगी म्हणते, बाबा, एकदाचं पास करा. मंग रविवारी घंटा घंटा फोनवर दुरुस्ती सांगण्यातून माझी सुटका. आता तिच्या सुटकेसाठी मी खराब लॉट सोडू का?"

पंचविसाव्या दिवशी त्यांनी वही माझ्यापुढे सरकवली. शंभरातून शहाण्णव. नापास.

तपासल्याशिवाय मी सही करत नाही. बेरीज बरोबर होती. मग न उगवलेले चार कोणत्या दिवशीचे ते पाहिलं. चारही शनिवारचे, चारही संध्याकाळचे. शनिवारी संध्याकाळी मी अंबडला आईकडे असतो. संध्याकाळचा माझ्या डोळ्यांदेखत एकवीस वेळा लावला, एकवीस वेळा उगवला. माझ्यामागे चार वेळा, आणि चारही वाया. माझा संशय लिनक्सवरून उठला आणि साहेबांवर येऊन बसला.

"साहेब, हा फक्त शनिवारीच कसा रुसतो?"

"त्याचं त्याला माहीत," असं म्हणून ते आधण बघायला आत गेले.

मी पान उलटलं. मागे रविवारचे शेरे होते.

पहिला रविवार: आवाज दुरुस्त. बोलणं बावन्न मिनिटं. खोकला आहे.

दुसरा रविवार: माऊस दुरुस्त. अठ्ठेचाळीस मिनिटं. खोकला कमी. डबा बंद केला, स्वतः करते.

तिसरा रविवार: इंटरनेट दुरुस्त. सहा मिनिटं. घाईत होती.

चौथा रविवार: पुन्हा आवाज. एक तास चार मिनिटं. दोनदा हसली.

साहेब कप घेऊन आले तेव्हा मी पान जागेवर आणून ठेवलं होतं.

"याच लॉटची फेरतपासणी घ्यायची का?" मी विचारलं.

"न्हाई. नापास ते नापास." ते खिडकीकडे बघत होते. "सहा महिन्यांनी नवा येतो म्हणे. तोवर जुनंच चालवू. त्यात व्हायरस हायेतच. ते काढायचं तिलाच विचारावं लागन."

मी पेन उघडलं. स्वतः न पाहिलेल्या आकड्याखाली मी आजवर सही केलेली नव्हती. केली.

साहेबांनी शाई वाळेपर्यंत वही उघडीच ठेवली. मग चहाचा घोट घेऊन म्हणाले, "तुम्ही शनिवारी अंबडला जाताच ना?"

"जातो."

"जात जा. बिलकुल चुकवू नका. म्हातारी वाट पाहत असन."