उतारावरचं प्रात्यक्षिक

"पंधरा तारखेच्या आत बर्फ पडणार नाही. लिहून घे!"

मिनागावांनी हे जाहीर केलं तेव्हा नोव्हेंबरची सात तारीख होती, शनिवारची संध्याकाळ होती आणि समोर वाफाळता भात होता. उत्तर जपानमधल्या ओतारूतल्या टायरच्या दुकानाचा व्यवस्थापक बर्फाबद्दल बोलतो म्हणजे आकाशानेही जरा ऐकून घ्यायला हवं, असा एकूण सूर होता.

"अहो, बर्फाची वर्दी देणाऱ्या हिममाशा उडून आठवडा झाला," त्यांची बायको चिहारू म्हणाली. "सगळ्या आळीने टायर बदलले. तुमचेच राहिलेत."

"माशांना काय कळतंय! टायरवाला मी आहे का त्या?"

गंमत म्हणजे आठवडाभर हाच माणूस दुकानात गिऱ्हाइकांना घाबरवत होता. "हिममाशा उडाल्या! आता एक दिवस थांबलात तर जिवाशी खेळ!" शेजारच्या अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या हात्सुए आजींना तर त्यांनी इतकं घाबरवलं, की आजींनी आपल्या चिमुकल्या ट्रकला दुकानातले सगळ्यात भारी हिवाळी टायर घालून घेतले.

स्वतः मिनागावांची गाडी मात्र लाल, दोन माणसांची, जमिनीला पोट टेकवून चालणारी. तिला रुंद, गुळगुळीत, शर्यतीच्या जातीचे उन्हाळी टायर. हिवाळी टायर शेडमध्ये प्लॅस्टिकच्या पिशव्यांत बसून होते. ते घालायचे म्हणजे रेशमी किमोनोखाली गमबूट! मिनागावांच्या जिवावर यायचं.

रविवारी सकाळी उठून बघतात तर बाहेर वीतभर बर्फ!

आणि नेमकं त्याच दिवशी दहा वाजता चढावरच्या सभागृहात आळीच्या मंडळाचं व्याख्यान होतं. फलक आठवडाभर झळकत होता: 'टायर वेळेवर बदला, जीव वाचवा. वक्ते: श्री. मिनागावा.' व्याख्यान रंगलं तर हिवाळी सुरक्षा प्रमुखाचा, दंडावर बांधायचा हिरवा पट्टा मिळणार होता. त्या पट्ट्यावर मिनागावांचा सहा वर्षं डोळा होता. फजिती झाली तर पट्टा दूरच, दुकानात तोंड दाखवायची सोय उरणार नव्हती.

"चालत जा. सात मिनिटं लागतात," चिहारू म्हणाली.

"टायरवाला चालत गेला तर लोक काय म्हणतील? आणि या टायरांची पकड तुला माहीत नाही!"

पकड साठ पावलं टिकली. चढाच्या मध्यावर चाकं जागच्या जागी गरगरायला लागली. मिनागावांनी जोर दिला, मागचा भाग डावीकडे गेला. जोर काढला, गाडी थांबली. त्यांनी सुटकेचा श्वास टाकला आणि गाडी अगदी सावकाश, सभ्यपणे, मागे निघाली.

ब्रेक पूर्ण दाबलेला. चारही चाकं थांबलेली. तरी गाडी चाललेली!

आळी व्याख्यानासाठीच वर चढत होती. आता इथली रीत अशी, की कुणी घसरलं तर आपण आभाळाकडे बघायचं. बघितलं तर घसरणाऱ्याला ओशाळं वाटेल ना! त्यामुळे लाल गाडी उलटी खाली येत असताना सगळ्यांना एकदम ढगांत रस नि‌र्माण झाला.

शिंप्याच्या दुकानाच्या कुजिराओकांची मात्र नजरानजर झाली. त्यांनी वाकून नमस्कार केला. मिनागावाही वाकले, कपाळ हॉर्नवर आपटलं. पॅंऽऽ! झालं, सगळ्या आळीने वळून पाहिलं आणि शिष्टाचार म्हणून सगळ्या आळीने वाकून नमस्कार केला. मिनागावांना प्रत्येकाला उलट वाकावं लागलं. पॅं! पॅं! पॅं!

"काय मिनागावासान, मदत करू का?" बरोबरीने खाली चालत कुजिराओकांनी विचारलं.

"छे छे, तुम्हाला कशाला त्रास!"

"त्रास कसला? धरू का पुढून?"

"नको हो, अगदी मजेत आहे मी!"

"बरं, मग येतो." आणि कुजिराओका खरंच गेले!

गाडी आळीचा कचरा ठेवायच्या जाळीच्या पिंजऱ्याशेजारच्या बर्फाच्या ढिगात शेपूट खुपसून थांबली. त्या पिंजऱ्याच्या राखणदार होत्या हात्सुए आजी. हातात फावडं घेऊन त्या समोरच उभ्या होत्या.

वरून टाळ्या ऐकू आल्या. मंडळाचे अध्यक्ष कुसाकाबे धावत, धापा टाकत आले.

"वा, मिनागावासान, वा! काय प्रात्यक्षिक! मी म्हणत होतो, नुसत्या भाषणाने कुणाला कळणार? पण तुम्ही मुद्दाम उन्हाळी टायर ठेवलेत!"

मिनागावांनी तोंड उघडलं. खरं सांगायचं अगदी जिभेवर आलं होतं. पण अध्यक्षांच्या हातात हिरवा पट्टा होता.

"अं... हो तर!" ते म्हणाले. "बघा, थंडीत हे रबर दगडासारखं होतं. त्यात रुंद टायर, बर्फात रुततच नाही, वरच तरंगतं. बारीक खाचा नाहीत, पकडणार कशाने?"

इतकं मनापासून ते आयुष्यात कधी बोलले नव्हते. पट्टा दंडावर चढला. लोक पुन्हा वाकले.

"पुढच्या रविवारी वरच्या आळीत करा," कुसाकाबे म्हणाले. "मग शाळेत. मग बंदरावर. मार्चपर्यंत मी तारखा ठरवतो. टायर तेवढे बदलू नका हं!"

हात्सुए आजी जवळ येऊन हळूच म्हणाल्या, "शेडमधल्या त्या चार पिशव्या झाकून ठेवा. आमच्या स्वयंपाकघरातून दिसतात."

सोमवारी सकाळी मिनागावा दंडावर पट्टा बांधून चढावरच्या बसच्या थांब्यावर कुडकुडत उभे होते. मुळ्यांनी भरलेला चिमुकला ट्रक समोर येऊन थांबला.

"बसा, दुकानात सोडते," हात्सुए आजी म्हणाल्या.

समोर तोच उतार, रात्रीतून काचेसारखा गोठलेला. आजींनी ट्रक बेधडक खाली घातला. मिनागावांनी डोळे मिटून दोन्ही हातांनी मुळ्यांची जुडी घट्ट धरली.

"घाबरता काय, मिनागावासान?" आजी म्हणाल्या. "टायर तुमच्याच दुकानातले आहेत. तुम्हीच तर म्हणालात, जिवाशी खेळ नको!"