भित्र्या अप्पांनी मोडलेले सील

सुकलाल अप्पा आपली वळकटी कधी सोडत नसत. त्यांचा सारा संसार तिच्यातच होता. गटविकास कार्यालयाच्या गोदामात ते भांडारपाल होते आणि त्या बांधलेल्या वळकटीला टेकूनच झोपत. बदलीचा हुकूम आला तर बांधाबांधीत वेळ जाऊ नये, हा हेतू. पोस्टमन दुसऱ्याच कोणाकडे वळला, तरी अप्पा पुटपुटत, "मन्ही बदली उनी व्हई."

अप्पांनी परदेशी दूधभुकटीचे डबे विकले म्हणून त्यांची बदली झाली, असे विसरवाडीच्या चौफुलीवर अजून सांगितले जाते. हे धादांत खोटे आहे. सांगणाऱ्यांपैकी एकही तिथे नव्हता, मी होतो. ते डबे जिथे आले, डोंगरातल्या त्या शाळेचा मास्तर मीच. अप्पा भित्रे होते, हे मात्र मला मान्य आहे. सभापतींच्या जीपचा भोंगा ऐकला, की त्यांना दरदरून घाम फुटे.

पंचायत समित्या तेव्हा नुकत्याच आल्या होत्या. त्या पावसाळ्यात गावातले धान्य संपले होते आणि मुले शाळेत येत ती केवळ दुधासाठी. अप्पा बैलगाडीतून डबे घेऊन आले. आम्ही ते उतरवतो न उतरवतो, तोच कार्यालयाचा शिपाई धापा टाकत पोहोचला.

"अप्पा, माल परत भरा. या गावनी मत दिधं नही. सभापती सोता येई ऱ्हायनात."

सातासमुद्रापलीकडून निघालेले दूध शेवटच्या चढावर येऊन असे अडले.

खालच्या वळणावर भोंगा वाजला.

"मास्तर, सील मोडेल माल परत लेता येस नही," अप्पा म्हणाले.

"आता नियम कसले सांगता, अप्पा? डबे चालले."

"तेच सांगी ऱ्हायनू. कोयता द्या."

ते एकेक सील मोडत गेले आणि दर डब्यागणिक म्हणत राहिले, "आते बदली पक्की शे."

जीप थांबली. सभापतींनी विचारले, "कोणी उघडले?"

मी पुढे झालो, पण अप्पा आधी बोलले, "मी, साहेब." ते इतके हळू, की त्यांना पुन्हा सांगावे लागले.

"वळकटी बांधा."

"बांधेलच शे, साहेब."

जीप गेल्यावर दूध कालवले. मुले प्यायली. अप्पांच्या हाती मात्र पेला ठरेना; दूध धोतरावर सांडू लागले. स्वयंपाक करणाऱ्या झिपरीबाईने तो काढून घेतला आणि लेकराला पाजावे तसा त्यांच्या ओठांना लावला. अप्पांनी डोळे मिटले. जीप घाट उतरून गेल्याचे मी सांगितले, तरी ते न उघडताच अप्पा घोट घोट पीत राहिले.