थर्ड पार्टी सक्तीची असते

शामकांतरावांनी राहुरीत तीस वर्षं लोकांच्या गाड्यांचे विमे उतरवले. थर्ड पार्टीशिवाय गाडी रस्त्यावर आणायची नाही, हे त्यांनी अख्ख्या तालुक्याकडून घोकून घेतलं होतं. (जेवताना विषय बदलला तर त्यांना ठसका लागायचा.)

आज दुपारी साडेतीनला त्यांच्या लेकीला, मनवाला, आयर्लंडमध्ये डिग्री मिळणार होती. समारंभ कॉलेजच्या वेबसाइटवर लाइव्ह दिसणार होता, एकदाच. रेकॉर्डिंग ठेवणार नव्हते. नीलांबरीबाई पैठणी नेसून लॅपटॉपसमोर बसल्या होत्या. (लेकीला आपण दिसणार नाही, हे त्यांना सांगायची यजमानांची छाती झाली नव्हती.)

मनवाने सकाळीच फोनवर बजावलं होतं, "बाबा, व्हिडिओची सोय ब्राउझरमध्ये बिल्ट-इन असते. बाहेरच्या कुणाचं जोड-सॉफ्टवेअर, थर्ड पार्टी प्लगइन, अजिबात घेऊ नका."

"पोरीला कायदा ठाऊक नाही," शामकांतराव म्हणाले. "बिल्ट-इन म्हणजे कंपनीने दिलेली स्टेपनी. थर्ड पार्टी सक्तीची असते."

"अहो, व्हिडिओला कुठं अपघात होतोय?"

"झाला तर?"

त्यांनी प्लगइन घेतलं. त्याने दुसरं मागितलं, दुसऱ्याने तिसरं. प्रत्येक 'मान्य आहे'वर ते न वाचता टिचकी मारत गेले. (जन्मभर लोकांच्या न वाचता सह्या घेतल्या होत्या, हात सरावलेला.) शेवटी पडद्यावर हवामान आलं, रमी आली, वजन कमी करायचा काढा आला. कॉलेज तेवढं गेलं.

"अहो, पुढचं नाव तिचं असेल हो," नीलांबरीबाईंचा आवाज रडवेला झाला.

तेवढ्यात शेजारच्या गोजरबाई मोबाईल घेऊन धावत आल्या. "ताई, मनवानं मलाबी लिंक धाडली हुती. ही बघा, चालली स्टेजवर."

"तुम्ही कोणतं प्लगइन घेतलंत?" शामकांतरावांनी विचारलं.

"मी काय घेतलं न्हाई, भाऊ. नुसतं बोट लावलं."

नीलांबरीबाईंनी बोटभर लेक डोळे भरून पाहिली. शामकांतरावांना मात्र दोघींच्या खांद्यांमधून फक्त गोजरबाईंचा अंगठा दिसला. तेवढ्यात लॅपटॉपमधून एक गोड आवाज आला, "तुमच्या वाहनाचा थर्ड पार्टी विमा संपला तर नाही ना?"

नीलांबरीबाईंनी पदराने डोळे पुसले. "आपल्या स्कूटरचा भरलाय ना हो?"

शामकांतरावांनी लॅपटॉप मिटला आणि पेढे आणायला ते चालत गेले.