ग्रेटाबाईंच्या कारकिर्दीचा किहीम अहवाल

कलावंताचे निःपक्ष मूल्यमापन करायचे तर त्याच्यापासून थोडे अंतर राखावे लागते. किहीम ते हॉलिवूड हे अंतर त्या दृष्टीने पुरेसे आहे.

लोकप्रिय नटी ग्रेटा हॉलम यांचे चौतीस चित्रपट तपासायला आमच्या वाचनालयाने यंदा त्रिसदस्य समिती नेमली. अध्यक्ष शिवदासकाका (वय एकाहत्तर, केस काळेभोर). खलीलचाचा बावीस वर्षे कुवेतला होते, म्हणून इंग्रजीची बाजू त्यांच्याकडे. तिसरा कमलेश, कारण प्रोजेक्टर त्याचा. ग्रंथपाल किशोरीने चौतीसच्या चौतीस चित्रपट पाहिले होते, वर अकरा पानी टिपणही लिहिले होते. त्यामुळे तिला समितीत घेता आले नाही. पाहिलेल्या माणसाचे मत आधीच बनलेले असते.

समितीने मिळून अडीच चित्रपट पाहिले. (अर्धा खलीलचाचांचा, कुवेतहून येताना. विमान उतरले.) निष्कर्ष असे निघाले: बाई आधी वकील झाल्या, मग नन, मग अंतराळवीर; म्हणजे कुठे टिकल्याच नाहीत. चाळिशीनंतर आईच्या भूमिका शोभल्या. बावन्नाव्या वर्षी मात्र त्या एका चित्रपटात प्रेमात पडल्या, त्याबद्दल समिती खेद व्यक्त करते.

अहवालाच्या जाहीर वाचनाला साठ माणसे जमली. किशोरीला राहवेना. ती उठली.

"काका, त्यात ती नन न्हाय. ननचा झगा घातलेली चोर हाय."

खलीलचाचांनी चष्मा पुसला. "मग चोर वेगळी धरा. भूमिका पस्तीस झाल्या."

दुरुस्ती एकमताने मंजूर झाली. किशोरीचे कान लाल झाले. टिपण वाचू द्या म्हणाली, तर वेळ नव्हता. तिला वाईट वाटू नये म्हणून अध्यक्षांनी आभार मानायचे काम दिले.

तिने आभार मानले. ग्रेटाबाईंचे, प्रत्येक चित्रपटाबद्दल वेगळे.

"घर कायमचं सोडतानाही गॅस बंद करून गेलीस, त्याबद्दल आभार. बावन्नाव्या वर्षी लाजलीस, त्याबद्दल तर फारच."

सत्तावीस मिनिटे. (आभार मानणाऱ्याला थांबवण्याची तरतूद वाचनालयाच्या नियमांत नाही.) मासळी विकणारी तुळशी पदराने डोळे पुसत मध्येच म्हणाली, "किशोरी, यो गॅसवाला पिक्चर कुठं बघाया मिळंल गं?"

पुढच्या शनिवारी बायकांनी प्रोजेक्टर वाचनालयातच लावला आणि समितीला रीतसर बोलावले. समिती गेली नाही. अहवाल छापायला गेला होता. आता चित्रपट पाहून त्यात गोंधळ कशाला?

वाचकहो, ग्रेटाबाई नटी म्हणून कशा, याबद्दल एव्हाना तुमचेही काही ठाम मत झालेच असेल. बाई मुळात आहेत का, हे तुम्ही अजून विचारलेले नाही.