घरी भरलेलं काडतूस

आमच्या राण्यांच्या हातात समोसा ठेवला, तर ते आधी तो उलटसुलट करून बघतात आणि मग विचारतात, "घरी केला तर कितीला पडेल?" वाढदिवसाचा केक असो, लोणचं असो, प्रश्न तोच. एकदा सलूनमधून आले आणि मान चोळत म्हणाले, "घरी कापले असते तर?" आतून वहिनी म्हणाल्या, "मी कापते की, मानेसकट!"

आम्ही दोघं इथे आखातात, माबेल्यात एकाच इमारतीत राहतो आणि माझ्या गाडीतून रुसैलच्या एकाच कारखान्यात जातो. ते स्टोअरकीपर, मी अकाउंट्समध्ये. त्यामुळे हिशेबाचा विषय निघाला की हा गृहस्थ मला सोडत नाही.

या खुळाचं मूळ गावाकडे आहे. कुडाळजवळ त्यांची थोडी भातशेती. रानडुकरांसाठी वडिलांकडे, म्हणजे अप्पांकडे, परवान्याची बंदूक. दर शुक्रवारी जेवणं झाली की राणे स्पीकरवर फोन लावतात आणि बापलेक भांडायला बसतात. काडतूस घरी भरलेलं स्वस्त, की दुकानातलं? अप्पा म्हणतात घरचं, पितळेची नळी पुन्हा पुन्हा वापरता येते. एरवी घरच्या वस्तूची बाजू घेणारे राणे इथे मात्र दुकानदाराचे वकील होतात. छरे महागले, बंदुकीची दारू महागली!

"तुका काय कळता रे!"

"तुमका तरी खंय कळता!"

तासभर हेच चालतं.

आमच्या सुपरवायझरच्या, सालिमच्या, भावाच्या लग्नात इथल्या रिवाजाप्रमाणे माणसं जुन्या रायफली हातात धरून नाचत होती. आम्ही फोटो काढत होतो. राण्यांनी सालिमला बाजूला घेऊन विचारलं, "इसका गोली घर में भरता है?" सालिम पोट धरून हसला. "राणे, ये चलाने का नहीं. खाली पकडने का. खलास!"

एका शुक्रवारी मी डबा परत द्यायला गेलो आणि दोघांनी मला पंच केलं.

मी विचारलं, "अप्पा, तुमची मेहनत धरलीत का?"

"मेहनत? ती कित्याक धरूची?"

म्हटलं, धरायलाच हवी. बसून भरायला वेळ जातो, त्याची मजुरी लागते. तेव्हा दुकानातलंच स्वस्त. मग "बरां" म्हणून अप्पांनी फोन ठेवला. इतक्या वर्षांचा वाद आपण मिटवला म्हणून मी खुशीत घरी आलो.

पुढच्या शुक्रवारी दुपारी राणे दारात उभे. चेहरा उतरलेला.

"तुम्ही आमचं वाटोळं केलंत," ते म्हणाले. "आजचा फोन ऐका. जेवलंस? जेवलंय. डुकर इले? नाय. बरां. संपला!"

"पण हिशेब तर बरोबर होता," मी म्हटलं.

"बंदूक कुठे आहे हो? निवडणुकीच्या वेळी पोलीस ठाण्यात जमा केली, ती अप्पांनी परत आणलीच नाही. डोळ्यांनी दिसत नाही आता. आई गेल्यापासून घरात एकटेच. लहानपणी माझ्याशी बोलायचे ते पडवीत काडतुसं भरतानाच. दुसरं काही बोलायला आम्हाला जमतच नाही." अप्पांना पुन्हा फोन लावून तो माझ्यापुढे धरत राणे म्हणाले, "सांगा त्यांना, तुमचं चुकलं म्हणून."

मी अकाउंट्सचा माणूस, बरोबर हिशेब चुकीचा सांगणं मला जड जातं. पण फोन घेतला.

"अप्पा, माझं चुकलं. घरच्या माणसाची मजुरी धरत नाहीत."

पलीकडून खणखणीत आवाज आला, "मी सांगी होतंय मां!" आणि अप्पा थेट छऱ्यांच्या भावावर घसरले.

राण्यांनी माझ्या हातातून फोन ओढला. "कायच्या काय सांगू नकात!" ते ओरडले, आणि माझ्याच सोफ्यावर मांडी घालून बसले. बाहीने डोळे पुसत होते आणि भांडत होते.