हवेचा काटा

हरिहररावांची सगळी नोकरी वजनमापे खात्यात गेली. एकतीस वर्षं त्यांनी दुकानांतले तराजू तपासले, पोकळ वजनं जप्त केली आणि काटा मारणाऱ्या एकाही दुकानदाराला सोडलं नाही. त्यामुळे कळव्याहून त्यांच्या मुलीने, हेमांगीने, फोन करून सांगितलं की डोंबिवलीत धूळ फार, उर्वीचा खोकला आत्ता कुठे थांबलाय, तिला या मे महिन्यात पाठवत नाही, तेव्हा त्यांनी एवढंच विचारलं, "फार म्हणजे किती?"

"पन्नासच्या खाली आणून दाखवा बाबा, मग पाठवते," हेमांगी वैतागून म्हणाली.

नात येणार नाही ही कल्पनाच हरिहररावांना सोसवेना. तिच्यासाठी पत्त्यांचा नवा कॅट आणून ठेवला होता. तिसऱ्या दिवशी हवा मोजायचं यंत्र घरी आलं. त्यावर दोन आकडे. वरचा धुळीचा, खालचा कोंडलेल्या हवेचा. दोन्ही बेतात असले की हिरवा दिवा, नाहीतर लाल दिवा आणि टूं टूं.

समोरची इमारत पाडायचं काम चालू होतं, तेव्हा धूळ एकशे नव्वद निघाली. हरिहररावांनी खिडक्या लावल्या, फटींत ओले टॉवेल कोंबले. दुपारपर्यंत धूळ चाळिसावर आली, पण खालचा आकडा चढत गेला आणि त्यांच्या पत्नी हेमाताईंचं डोकं दुखायला लागलं. खिडकी उघडली की खालचा उतरे आणि वरचा चढे. उभा जन्म तराजूंत घालवलेल्या माणसाला या तराजूची पारडी काही केल्या समजेनात.

मग फोडणी बंद झाली, उदबत्ती बंद झाली, केरसुणी माळ्यावर गेली. तीन दिवस मेतकूट-भात चालला. कामाच्या तुळसाबाई दारातच थबकल्या आणि म्हणाल्या, "काका, आत येऊ का बाहेरूनच लादी पुसू?" हा प्रश्न खरा की थट्टेचा ते न कळून हरिहररावांनी त्यावर बराच वेळ विचार केला.

यंत्र हातात धरून ते घरभर फिरले. दिवा एकाच ठिकाणी हिरवा झाला, संडासात. तिथली झडप मागच्या आंब्याकडे उघडत होती.

"उर्वीची गादी तिथेच घालू का?" हेमाताईंनी विचारलं.

बुधवारी दोघं विठ्ठलवाडीला एका साखरपुड्याला गेली. परत येऊन दार उघडतात तो दिवा हिरवागार आणि धूळ बावीस. हरिहरराव पायांतल्या चपलांसकट यंत्रासमोर उभे राहिले.

"अगं, घराची हवा चांगलीच आहे," ते अखेर म्हणाले. "आपण दोघं ती बिघडवतो."

"मग श्वास घेणं सोडून देऊ या का?"

तोवर यंत्राचा फोटो कळव्याला पोचलाही होता. शनिवारी दहाला उर्वीला घेऊन येते आणि स्वतःच्या डोळ्यांनी बघते, असं हेमांगीने कळवलं. आता दहापर्यंत आकडा टिकवायला हवा होता. म्हणून शनिवारी सकाळी सातला आंघोळी उरकून नवरा-बायको दाराला कुलूप घालून बाहेर पॅसेजमध्ये खुर्च्या टाकून बसली.

शेजारचा सलिल दूध घेऊन आला. "काय काका, चावी आत राहिली का?"

हरिहररावांनी त्याला धूळ, कोंडलेली हवा आणि संडास हे सगळं नीट समजावून सांगितलं. सलिलला एवढंच कळलं की काकांना आत जाता येत नाही. त्याने चावीवाल्याला फोन केला. कुणी चहा आणला, कुणी पोहे. दहाच्या सुमाराला दारात आठ माणसं होती आणि चावीवाला कुलपापाशी गुडघे टेकून बसला होता. चावी माझ्या खिशातच आहे, असं हरिहरराव त्याला परत परत सांगत होते.

"मग मला कशाला बोलावलं?" चावीवाल्याने विचारलं.

लिफ्टमधून हेमांगी उर्वीला घेऊन बाहेर आली. म्हाताऱ्या आईबापांच्या दारात सकाळीसकाळी गर्दी बघून ती धावतच पुढे आली. "आई!" तिने हाक मारली. गर्दीच्या मागून पोह्यांची बशी धरलेला हात वर झाला.

हरिहररावांनी दार उघडलं. धूळ एकवीस, दिवा हिरवा. तो बघायला सगळेच आत घुसले, चावीवालासुद्धा. पाच मिनिटांत दिवा लाल झाला आणि टूं टूं सुरू झालं. आता उर्वी परत जाणार, या विचाराने हरिहररावांचा चेहरा पडला.

"सातपासून बाहेर बसलायत बाबा? या आकड्यासाठी?"

"आकडा कुणाला हवाय," ते म्हणाले. "मला उर्वी हवी होती."

हेमांगीने उर्वीची बॅग कपाटापाशी ठेवली, आणि रोज संध्याकाळी आकडा कळवायचा असं बजावून ती एकटीच निघाली. उर्वीला ते टूं टूं सोसेना. तिने यंत्र उचललं आणि जिथे ते गप्प बसलं तिथे ठेवून दिलं.

संध्याकाळी समोरचं काम थांबल्यावर खिडक्या उघडल्या. तुळसाबाईंनी ओल्या फडक्याने घर पुसलं होतं, वरणाला फोडणी बसली होती. उर्वी दिवसभरात एकदाही खोकली नव्हती आणि दुसऱ्या डावासाठी पत्ते पिसत होती. फोन वाजला. हरिहरराव तो घेऊन संडासात गेले.

"एकोणीस," त्यांनी सांगितलं.

"अरे वा. हॉलमध्ये?"

"घरातच," हरिहरराव म्हणाले. एकतीस वर्षांत पहिल्यांदाच त्यांनी काटा मारला होता. त्यांनी हळूच आतून कडी लावून घेतली.