छातीला लावलेला कान

विमा एजंट दत्तूअण्णा नमस्कार करत नसत. छातीला कान लावत. कळंबच्या बाजारात ओळखीचं कुणी भेटलं की टोपी काढून त्याच्या सदऱ्याला कान टेकवायचे, डोळे मिटायचे आणि म्हणायचे, "पास." नाहीतर, "थांबा."

"थांबा" ऐकलेला माणूस वर्ष काढत नाही, असं लोक म्हणत. मी हिशेबी माणूस. खात्रीची नावं काढली तर तीनच निघाली, तीही म्हाताऱ्यांची. पण चौथं आपलं नको, एवढं मलाही वाटायचं. इतर एजंटांना लोक चुकवत, अण्णांच्या मागं मात्र, "आमचा विमा कधी?" म्हणत फिरत.

माझ्या दोन्ही मुली लहान होत्या, म्हणून मी मुदतीच्या विम्यासाठी अण्णांना घरी बोलावलं.

"ह्यात जगलाव तर कायबी मिळत न्हाय बरं का," ते म्हणाले. "जगणं फुकट. वडील कशानं गेले?"

"पटकीनं."

"झ्याक. मंजी हृदय न्हाय."

मग त्यांनी कान लावला. भर उन्हाळ्यात तो कान गार होता. ते बराच वेळ हलले नाहीत.

"थांबा."

बायकोच्या हातातली कपबशी पडली. "अहो अण्णा, ह्यांना साधा खोकला न्हाय की!"

"थांबा म्हणलं ना, वहिनी. परत येतो."

त्या आठवड्यात मला जेवण गेलं नाही. शेवटी विम्याच्या डॉक्टरांना स्वतःच गाठलं. त्यांनी तपासून पास केलं. मी तडक अण्णांच्या घरी गेलो. खोलीत दोन बाजा होत्या. दोन्हींवर अंथरूण घातलेलं.

"डॉक्टर पास म्हणतात. तुम्ही का अडवलं?"

"तुमी पहिल्या ठोक्यालाच पास होताव," अण्णा म्हणाले. "पण पास म्हणलं की माणूस उठून जातं. परत कोण येतंय?"

"आणि ती तीन माणसं?"

"त्यांचं खरंच ऐकू आलं होतं." त्यांनी दुसऱ्या बाजेकडं पाहिलं. "दुष्काळात आमची ही खडी फोडून आली, तिथं झोपली. सकाळी गार. म्या हातभर अंतरावर होतो. कायबी ऐकलं न्हाय."

मी वाकून त्यांच्याच छातीला कान लावला. सवय नसेल म्हणून असेल, आत काहीच वाजत नव्हतं.

"काय म्हणतंय?" अण्णांनी विचारलं.

"थांबा," मी म्हणालो. "उद्या परत येतो ऐकायला."